दस्तक ते पारपत्र : मावळच्या माणसाची ओळख



भोर-वेल्ह्याचे नाव निघाले की आपले मन आपोआप राजगड-तोरण्याच्या बुरुजांवर जाऊन बसते. आज मात्र मी आपणांस बुरुजावर न नेता कचेरीच्या दारात नेणार आहे. मावळच्या माणसाला आपला मुलूख सोडून दूर जावयाचे झाले तर कोणाचा कागद लागे, तो कोण देई आणि का नाकारी, हा आजचा विषय. तो दिसावयास लहान आहे. पण राज्य आणि रयत यांचे नाते किती बदलले, हे या एका कागदावरून जितके कळते तितके पुष्कळशा लढायांच्या वर्णनांवरून कळत नाही.

जुन्या काळी या कागदाला दस्तक म्हणत. चौकीवर, घाटावर, नदीच्या उतारावर ते दाखवावे लागे. समुद्रावरही तोच न्याय होता. पोर्तुगीज आपल्या परवान्याला कार्ताझ म्हणत आणि तो नसलेले गलबत धरीत. पुढे कान्होजी आंग्र्यांनी कोकणच्या किनाऱ्यावर आपले दस्तक सुरू केले, तेव्हा त्याच परदेशी व्यापाऱ्यांनी मोठा गहजब केला. परवाना देण्याचा अधिकार ज्याच्या हाती, सत्ता त्याची, हे दोघांनाही पक्के ठाऊक होते.

या दस्तकाची सर्वांत नाट्यमय कथा आपल्याच मुलखाशी जोडलेली आहे. १६६६ साली शिवाजी महाराज आग्र्यास पहाऱ्यात अडकले. त्यांनी स्वतःस परत जाण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. तेव्हा बरोबरच्या लोकांना तरी परत पाठवावे, म्हणून त्यांच्यासाठी दस्तके मागितली. शिवाजीजवळची माणसे जितकी कमी तितके बरे, अशा हिशेबाने बादशहाने ती दिली. ऑगस्टमध्ये महाराज निसटले, आणि अखेर पोहोचले ते राजगडावर, म्हणजे त्या वेल्हे तालुक्यात, ज्याला सरकारने आता राजगड तालुका असेच नाव दिले आहे. यातील मर्म असे की, जाऊ देणे न देणे ही बादशहाची मर्जी होती. कारण विचारण्याची सोय नव्हती, आणि दाद मागावयाची तर त्याच्याचकडे.

परवानगीचा प्रश्न असा मर्जीचा होता. पण ओळखीचा प्रश्न मावळात फारसा पडतच नसे. कारीचे जेधे, हिरडस मावळचे बांदल, मोसे खोऱ्यातील पासलकर ही देशमुखांची घराणी आपापल्या खोऱ्यातील घर न् घर ओळखीत. वतनाचा तंटा पडला तर गोतसभा बसे, महजर होई, पाटील त्यावर नांगराची निशाणी करी, आणि अमका हा अमक्याचा मुलगा हे चार गावांच्या साक्षीने ठरून जाई. जन्मतारीख कोणी विचारीत नसे. ज्या साली दुष्काळ पडला किंवा ज्या पावसाळ्यात दरड कोसळली, तेवढी खूण पुरे होई.

राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण सचिव झाले आणि त्यांच्या घराण्याकडे हा मुलूख आला. तेच पुढे भोरचे संस्थान. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे त्याचे पाच तालुके. क्षेत्रफळ सुमारे ९२५ चौरस मैल. आणि विस्तार असा की सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना त्याचे पाय पसरलेले. या संस्थानात आधुनिक पारपत्राचा प्रश्न आला तो पहिल्या महायुद्धानंतर. त्यापूर्वी हिंदुस्थानातून परदेशी जाणाऱ्या सामान्य प्रवाशाला पारपत्राची सक्ती नव्हती. युद्धाच्या निमित्ताने १९१५ साली निर्बंध आले, आणि १९२० च्या कायद्याने हिंदुस्थानात प्रवेश करणाऱ्यांकडे पारपत्र मागण्याचा अधिकार सरकारने कायम आपल्या हाती घेतला.

येथे भोरच्या रयतेची एक चमत्कारिक अवस्था झाली. पुण्याचा माणूस कायद्याने ब्रिटिश प्रजाजन होता. भोरचा माणूस मात्र संस्थानाचा प्रजाजन. त्याला पारपत्रावर ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’ म्हणत. परराष्ट्रव्यवहार संस्थानांच्या हाती नव्हता, त्यामुळे पंतसचिवांच्या दरबारास स्वतःचे पारपत्र देता येत नव्हते. म्हणजे प्रजा एकाची आणि कागद दुसऱ्याचा. कात्रजचा घाट ओलांडून पन्नास-एक किलोमीटरवर पुण्यास आलेला माणूस घरच्याच बोलीत बोले, पण कायद्याच्या दृष्टीने तो निराळ्या जातीचा प्रवासी असे.

ब्रिटिश प्रजाजनाला तरी काही हक्क होता काय, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर पुण्याच्याच इतिहासात आहे. १९१८ च्या वसंतात लोकमान्य टिळक आणि त्यांचे सहकारी स्वराज्याची मागणी मांडण्यासाठी विलायतेस निघाले. ते कोलंबोपर्यंत पोहोचले, आणि तेथे त्यांची पारपत्रे रद्द झाली! त्यांना तेथूनच परत फिरावे लागले. त्याच वर्षी पुढे चिरोल खटल्यासाठी लोकमान्यांना जाऊ देण्यात आले. माणूस तोच, बदलली ती सरकारची मर्जी. आग्र्याच्या दरबारापासून व्हाइटहॉलपर्यंत अडीचशे वर्षे लोटली होती. दस्तकाचा स्वभाव मात्र पालटला नव्हता.

८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि भोरचा शेतकरी व पुण्याचा वकील एकाच देशाचे नागरिक झाले. १९५४ साली मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास आणि नागपूर येथे पारपत्र कार्यालये निघाली. पण गंमत अशी की, घटना अमलात येऊन सतरा वर्षे होईपर्यंत पारपत्र केव्हा द्यावे आणि केव्हा नाकारावे याविषयी कायदाच नव्हता. १० एप्रिल १९६७ रोजी सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने सांगितले, की परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि कायद्यावाचून तो कोणासही हिरावून घेता येणार नाही. सरकारला धावपळ करावी लागली. त्याच वर्षी जूनमध्ये पारपत्र कायदा झाला. नाकारण्याची कारणे त्यात लिहिली गेली, ती लेखी नोंदवून अर्जदाराने मागितल्यास सामान्यतः त्यास द्यावी असे ठरले, आणि अपिलाची वाट मिळाली. पुढे १९७८ साली मनेका गांधी यांच्या खटल्यात न्यायालयाने आणखी बजावले, की पारपत्र जप्त करावयाचे तर त्या माणसाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागेल, आणि कायद्याची रीत न्याय्य असली पाहिजे. ज्या गोष्टीसाठी लोकमान्यांना कोलंबोहून परतावे लागले, ती आता मर्जीची उरली नाही, हक्काची झाली.

असे असता मावळातल्या माणसाची अडचण संपली, असे आपण म्हणू काय? मला तसे म्हणवत नाही. ‘तुला जाऊ द्यावे काय?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले. पण ‘तू कोण?’ हा प्रश्न, जो गोतसभेत सहज सुटत असे, तोच आता अवघड होऊन बसला. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून ही जन्मतारीख लिहिली, अशी माणसे खेड्यापाड्यांत हजारोंनी आहेत. घरी एक नाव, हजेरीपटावर दुसरे. सातबाऱ्यावर आडनाव एका तऱ्हेने, शिधापत्रिकेवर दुसऱ्या. संस्थानी दप्तर मोडीत, आणि अर्ज इंग्रजीत. लग्नानंतर सासरी आलेल्या बाईचे तर नाव, वडिलांचे नाव आणि गाव अशी तिन्ही बदललेली. त्यात धरणांनी भर घातली. भाटघरच्या आणि पानशेतच्या जलाशयांनी गावे पोटात घेतली, आणि माणसे नव्या वसाहतींत गेली. ज्याचे जन्मगाव पाण्याखाली आहे त्याने जन्मस्थळाच्या रकान्यात काय लिहावे आणि दाखला कोठून आणावा?

पारपत्राची मुदत मोठ्या माणसास दहा वर्षांची. नूतनीकरण म्हणजे जुन्या पुस्तिकेवर नुसता शिक्का नव्हे. पुस्तिकाच नवी मिळते, आणि पत्ता किंवा नाव बदलले असेल तर चौकशी पुन्हा होते. पोलीस ठाण्याचा माणूस वाडीवर येतो, आणि पुष्कळदा पोलीस पाटलालाच विचारतो, की हा येथलाच ना? ग्राम पोलीस अधिनियमही १९६७ चाच, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. वतन गेले, नांगराची निशाणी गेली, पण गावाच्या साक्षीची गरज अजून गेलेली नाही.

सरकारने सोयी वाढविल्या, हे नाकबूल करण्याचे कारण नाही. अर्ज संगणकावर होतो, २०१७ पासून टपाल कार्यालयांतही पारपत्र केंद्रे निघाली. १९८९ च्या २६ जानेवारीनंतर जन्मलेल्यांना जन्मदाखल्याचीच जी सक्ती होती, ती २०१६ च्या अखेरीस सैल झाली आणि शाळेचा दाखला वगैरे कागद चालू लागले. मात्र २०२५ च्या नियमांप्रमाणे १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलास जन्मदाखला हाच एक पुरावा राहील. ही मुले आज पाळण्यात किंवा अंगणवाडीत आहेत. त्यांच्यापैकी एखादे वीस वर्षांनी परदेशी शिकावयास किंवा नोकरीस निघेल, तेव्हा त्याची वाट ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतील एका ओळीवर अवलंबून असेल.

म्हणून, मंडळी, इतिहास ऐकून उठताना एवढे करावे. आपल्यापैकी अनेकांची गावे त्या खोऱ्यांत आहेत. सुटीत गावी जाल तेव्हा घरातल्या लहान मुलाचा जन्म नोंदला आहे काय, नाव नीट लिहिले आहे काय, हे पाहून यावे. हक्क दिल्लीच्या न्यायालयाने दिला खरा. पण तो हाती येण्यासाठी लागणारी ओळ वेल्ह्याच्या वाडीतच लिहावी लागते.