टोकनाचे कूळ

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अक्कलकोट रोड आणि गाणगापूर रोड यांच्या दरम्यान दुधनी हे स्थानक लागते. तुरीच्या आवकेने गजबजणाऱ्या या बाजारपेठेत मराठी आणि कन्नड सारख्याच सहजतेने कानी पडतात. येथील एका डाळमिलमध्ये, विजेच्या पॅनेलच्या दाराला आतून डकवलेल्या कागदावर, ज्या एका ठिपक्याने मला पुढे कित्येक महिने झपाटून टाकले, तो मी प्रथम पाहिला. कागदावर एकाखाली एक चौकटी होत्या: 'सर्व बंद', 'शेवटचा एलेव्हेटर चालू', 'रोलर चालू', 'तूर सोडा'. दोन चौकटींना जोडणाऱ्या रेषेवर एक आडवी रेघ, रेघेशेजारी पुढे जाण्याची अट, आणि पहिली चौकट तेवढी दुहेरी रेषेची. फोरमनने त्या दुहेरी चौकटीत पेन्सिलीने ठिपका काढला आणि म्हटले, "साहेब, टोकन आत्ता इथं आहे. खालची अट पुरी झाल्याबिगर ते हलत नाही."

हा क्रम उलटा, म्हणजे शेवटच्या यंत्रापासून मागे येणारा, का असतो हे गिरणीत उभे राहिल्यावर लगेच उमजते. रोलर थांबलेला असताना वरून तूर सुटली, तर दाणा तुंबतो, पट्टा घसरून तापतो आणि तुंबलेला माल काढायला कुणाचा तरी हात आत जातो. म्हणून प्रत्येक चौकटीत कोणती मोटार चालू, कोणती बंद आणि कशाची वाट पाहायची, हे ठरलेले असते. यंत्र अडले तर ते 'कुठे' अडले हे ठिपका सांगतो आणि 'कशासाठी' अडले हे त्याखालची अट सांगते. ही चित्रलिपी 1977 साली फ्रान्समध्ये 'ग्राफसेट' या नावाने सिद्ध झाली आणि 1993 साली यंत्रनियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय मानकात दाखल झाली. एवढा तिचा इतिहास सर्वश्रुत आहे. माझे मन अडकले ते 'टोकन' या शब्दापाशी, कारण तो मला ठाऊक होता तो रेल्वेतला.

एकेरी मार्गावर समोरासमोरच्या दोन गाड्यांना एकाच वेळी प्रवेश मिळू नये, हा या शब्दामागचा प्रश्न. 10 सप्टेंबर 1874 च्या रात्री इंग्लंडात नॉरविचजवळ थॉर्प येथे एका रात्रपाळीच्या निरीक्षकाने सांगितलेला संदेश, त्याची सही होण्याआधीच, तारेने पुढच्या स्थानकाला गेला. चूक ध्यानात येताच तो रद्द करणारी तार धाडली, तेव्हा गाडी सुटल्याचे उत्तर आले, आणि त्या टकरीत सुमारे 25 माणसे दगावली. शब्द दोघांच्या स्मरणात दोन प्रकारे राहू शकतो, वस्तू मात्र एका वेळी एकाच ठिकाणी असते, हे जाणून एडवर्ड टायर याने 1878 साली चकत्यांचे यंत्र रचले: दोन्ही टोकांच्या पेट्या विजेने अशा जखडलेल्या की एक चकती बाहेर असेतो दुसरी निघूच नये. आपल्याकडे 'नील' नावाच्या यंत्रात चकतीऐवजी पोलादी गोळा आला. मुठीच्या जागा तीन: मार्ग बंद, गाडी येत आहे, गाडी जात आहे; पलीकडच्या स्टेशन मास्तरच्या संमतीवाचून मूठ फिरत नाही, आणि एका टापूचा, म्हणजे दोन स्थानकांमधल्या मार्गाचा, गोळा शेजारच्या टापूच्या यंत्रात बसत नाही. वेताच्या कड्याला लावलेल्या चामडी पिशवीतला तो गोळा, म्हणजेच टोकन, हाती आल्यावाचून ड्रायव्हर गाडी हलवीत नसे. सोयरिकीच्या बैठकीतही "लाइन क्लिअर आहे" असे आपण ज्या भरवशाने म्हणतो, तो भरवसा रेल्वेच्याच दप्तरातून आपल्या बोलीत आला.

आता शब्दाचे कूळ. जुन्या इंग्रजीतील 'टाकन' म्हणजे खूण. तिचा संबंध 'दाखविणे' या अर्थाच्या ज्या प्राचीन धातूशी जोडतात, त्याच धातूपासून संस्कृत 'दिश्' आणि त्यातून आपले दिशा, आदेश, निर्देश हे शब्द निघाले. टोकन आणि आदेश हे सख्खे चुलत भाऊ ठरावेत, याहून गोड योगायोग कोणता! परंतु प्रतिपक्ष बलवान आहे. ग्रिमच्या ध्वनिनियमानुसार मूळचा 'क' जर्मॅनिक शाखेत 'ह' होतो: आपल्या 'दश'चे गॉथिक रूप 'तैहुन', आणि 'दिश्'च्या खऱ्या भावंडात, गॉथिक 'तीहन' या क्रियापदात, तो 'ह' आहेच. मग टोकनात 'क' उरला कसा? कुणी त्या धातूचे 'ग'कारान्त जुळे रूप मानतात, कुणी पुढे जोडलेल्या 'न'च्या सहवासाचा परिणाम सांगतात. मला दुसरी उपपत्ती अधिक पटते, कारण त्या शब्दात 'न' डोळ्यांसमोर उभा आहे, तर जुळा धातू गरजेपुरता कल्पावा लागतो.

याहून बिकट वाद पुढचा: ठिपक्याचे नाव रेल्वेच्या गोळ्यावरून पडले का? कागदावरचा ठिपका कार्ल आडाम पेत्री या जर्मन गणितज्ञाच्या 'जाळ्यां'तून, म्हणजे घरांत ठिपके ठेवून क्रिया दाखविणाऱ्या आकृत्यांतून, आला. त्याचा प्रबंध 1962 चा. ठिपक्याला जर्मनीत 'मार्के' आणि फ्रेंचमध्ये खेळातल्या सोंगटीचा 'जतों' म्हणतात. स्वतः पेत्रीने या कल्पनेचा उगम 1939 मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, रासायनिक क्रिया मांडण्यासाठी काढलेल्या आकृत्यांत सांगितला. शिवाय हे इंग्रजी नाव अमेरिकेत पडले म्हणावे, तर तिथे टोकन म्हणजे मुख्यत्वे भाड्याचे नाणे असे. तेथील गाड्या लेखी हुकुमांवर धावत. एवढा पुरावा समोर असता, ठिपक्याचे नाव रेल्वेच्या गोळ्यावरून पडले, हा दावा मी मुकाट्याने मागे घेतो.

परंतु नाव सोडले तरी नियम सोडवत नाही. रसायनशाळेत एका पात्रात पदार्थाचे कितीही रेणू मावतात. पेत्रीच्या जाळ्यातही एका घरात कितीही ठिपके साठू शकतात. मात्र ज्या जाळ्यात कोणत्याही घरात एकाहून अधिक ठिपका कधीच येत नाही, त्याला त्या शास्त्रात दिलेले पारिभाषिक विशेषण आहे 'सेफ', सुरक्षित! एका टापूत एकच गाडी, या टायरच्या यंत्रातल्या नियमाचे यापेक्षा नेमके भाषांतर होणे नाही. ग्राफसेटच्या पायऱ्यांच्या, म्हणजे चौकटींच्या, चित्रलिपीने रसायनाची विपुलता टाकून हीच मर्यादा उचलली: फाटे फुटून अनेक पायऱ्या एकदम जागत्या असतील, पण एकच पायरी एका वेळी दोनदा जागती होणार नाही. म्हणून माझे मत असे की, ठिपक्याचा देह रसायनाचा असला तरी त्याचे शील लोहमार्गाचे आहे.

मी तो कागद निरखीत असतानाच वीज गेली. रोलरच्या तोंडाशी तूर अडकली होती, एका गड्याने ती मोकळी करण्यासाठी हात आत घातला, आणि फोरमन "अरे, मेन पाड आधी!" असे ओरडेपर्यंत वीज परत आली. काहीही हलले नाही. अर्ध्यावर सुटलेले काम आपोआप पुढे नेण्याची मुभा त्या यंत्राला नव्हती. टोकन परत दुहेरी चौकटीत गेले होते, आणि तेथून ते हलवायला माणसाला बटण दाबावे लागते. गड्याने हात काढून घेतला, मेन पाडला, आणि मग निवांतपणे एकेक दाणा वेचून काढला.