वहीतलं घर



स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात चार खोल्यांचं एक भाड्याचं घर संग्रहालय म्हणून राखलं आहे. ॲग्नेस टॉवर्ड नावाची टायपिस्ट 1911 ते 1965 तिथे राहिली. बिलं, पत्रं, 1929 सालच्या मुरांब्याची बरणी, तिने काही टाकलंच नाही. राजवाडा नाही, वीराचा वाडा नाही, तरी लोक तिकीट काढून बघतात.

आपल्या जावळीतल्या कामगाराचं असं घर राखायचं तर कुठलं राखायचं? गिरणीत नाहीतर माथाडीत काम करणाऱ्या इथल्या माणसाचं घर एका जागी नव्हतंच. मुंबईच्या बीडीडी चाळी 1920च्या दशकातल्या, खोली 160 चौरस फुटांची. आता त्या पाडून 500 चौरस फुटांची घरं होताहेत. एखादी चाळ संग्रहालय म्हणून ठेवावी, असाही विचार मांडला गेला. पण गावकऱ्यांच्या सामायिक खोलीत मांडायला काय मिळेल? पत्र्याच्या ट्रंका, वळकट्या, दोरीवरचे कपडे. पाळीप्रमाणे एक उठला की त्याच जागी दुसरा झोपायचा. जेवण खानावळीत. ते रांधणाऱ्या बायकांची संघटना, अन्नपूर्णा महिला मंडळ, प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये उभी केली.

चूल, जातं, देव्हारा, म्हातारी माणसं, सगळं इकडे. भातलावणी तिनेच करायची, पावसाआधी लाकूडफाटा भरायचा, पोरांची दुखणी काढायची आणि पोस्टमनची वाट बघायची. मनिऑर्डर येईपर्यंत घर चालायचं ते मेढ्याच्या पेठेतल्या उधारीवर. म्हणजे आपल्यासारख्यांच्या दुकानातून!

म्हणून मला आमच्या माळ्यावरच्या जुन्या वह्या महत्त्वाच्या वाटतात. गूळ, चहापूड, रॉकेल, खोबरं, बाळंतिणीसाठी डिंक. महिन्याच्या ठरावीक दिवसांत ‘जमा’. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. त्या वर्षीच्या वहीत काही पानांवर जमेची बाजू कोरी आहे. खोबरं आधी बंद झालं, मग चहापूड. मिठाची नोंद मात्र शेवटपर्यंत आहे. कुठल्या संग्रहालयातली चूल हे सांगेल?

आणखी एक. खातं नवऱ्याच्या नावावर, आणि तो तर मुंबईत. दुकानाची पायरी चढणारी बाई वहीत कुठेच नाही.

दिवाळीला चोपडापूजन झालं की जुन्या वह्या रद्दीत घालू नका. कसर लागते, खरं आहे. उन्हात ठेवा, जीव न मारता हळूच झटका.

आमच्या सासूबाईंना त्या बायका अजून आठवतात. दुपारी सामायिक झालं की मी एकेक पान वाचते, त्या नाव सांगतात, मी कडेला पेन्सिलने लिहून ठेवते. सध्या 1979 ची वही चालू आहे.