सबवूफर आणि वीजतारा

सबवूफर आणि वीजतारा हा घरगुती ध्वनियोजनेतील एक वादविषय आहे. सबवूफर म्हणजे साधारणतः २० ते २०० हर्ट्झ या खालच्या पट्टीतील ध्वनी निर्माण करणारा ध्वनिक्षेपक. भिंतीतील सॉकेटपासून सबवूफरपर्यंत येणारी वीजतार (पॉवर कॉर्ड) जाड किंवा महागडी घेतल्यास आवाज अधिक खोल व स्पष्ट होतो, असा काही विक्रेत्यांचा व हौशी श्रोत्यांचा दावा असतो. मोजमाप आणि श्रवणचाचण्या यांतून या दाव्याला आधार मिळत नाही. मात्र सदोष वायरिंग व भूसंपर्कन (अर्थिंग) यांचा आवाजावर प्रत्यक्ष परिणाम होतो. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यानेच वाद लांबला आहे.

तांत्रिक बाजू

बहुतेक घरगुती सबवूफरमध्ये ध्वनिवर्धक (अँप्लिफायर) आतच असतो. वीजतारेतून त्याला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा प्रत्यावर्ती प्रवाह मिळतो. त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर होऊन तो धारित्रांत (कपॅसिटर) साठतो आणि ध्वनिवर्धक या साठ्यातून शक्ती घेतो. संगीताचा संकेत वीजतारेतून जातच नाही.

१.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या, २ मीटर लांबीच्या तांब्याच्या तारेचा जाण्या-येण्याचा एकूण रोध सुमारे ०.०५ ओहम असतो. ३०० वॅट घेणाऱ्या सबवूफरला सुमारे १.३ अँपिअर प्रवाह लागतो. म्हणजे तारेत साधारण ०.०७ व्होल्ट खर्ची पडतात. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी लघुदाब पुरवठ्यात अधिक-उणे ६ टक्के, म्हणजे जवळजवळ १४ व्होल्टपर्यंतचा फरक ग्राह्य धरला होता. शिवाय मीटरपासून सॉकेटपर्यंत १५ मीटर अंतर असल्यास २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेचाही रोध ०.२ ओहमहून अधिक भरतो. शेवटच्या दोन मीटरांवर हजारो रुपये खर्चून भिंतीतील तार बदलत नाही.

ध्वनिक्षेपकाच्या तारेचे गणित निराळे आहे. ध्वनिवर्धक वेगळा असून ४ ओहमचा सबवूफर १० मीटर दूर असेल, तर १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे अर्धा डेसिबल घट होते. तेथे जाड तार घेण्यास कारण आहे.

श्रवणचाचणी

२००४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एका ध्वनिप्रेमी मंडळाच्या सभासदांनी महागड्या आणि साध्या वीजतारांची अंधचाचणी घेतली. एकूण १४९ उत्तरांपैकी ७३ बरोबर आली. नाणे उडवूनही याहून फारसे वेगळे फळ हाती लागले नसते.

खोलीचा परिणाम याच्या कितीतरी पट मोठा असतो. १२ फूट लांबीच्या खोलीत सुमारे ४७ हर्ट्झला स्थिर तरंग निर्माण होतो. त्यामुळे एका जागी घुमणारा खर्ज दुसऱ्या जागी जवळजवळ नाहीसा होतो. सबवूफर कोपऱ्यातून थोडा पुढे सरकवणे हा बिनखर्ची प्रयोग आधी करावा.

गुणगुण व भूसंपर्कन

सबवूफरमधून सतत येणारी 'हम्' ही गुणगुण बहुधा भू-वलयामुळे (ग्राउंड लूप) उद्भवते. दूरचित्रवाणी संच, केबल किंवा डिशची तार आणि सबवूफर हे वेगवेगळ्या मार्गांनी भूमीशी जोडले गेले, की त्यांमधील संकेततारेतून ५० हर्ट्झचा क्षीण प्रवाह वाहू लागतो, आणि ही वारंवारता नेमकी सबवूफरच्या टप्प्यात येते. सर्व उपकरणे एकाच सॉकेटपट्टीवर घेणे किंवा संकेतमार्गात विलगकारी रोहित्र (आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर) बसवणे, हे त्यावरचे उपाय होत.

तीन पिनांच्या प्लगातील अर्थिंगची पिन कापून टाकण्याचा एक 'उपाय' ऐकिवात असतो. त्याने गुणगुण थांबू शकते, परंतु उपकरणात बिघाड झाल्यास त्याच्या धातूच्या भागांत वीज उतरून स्पर्श करणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. असे कधीही करू नये.

कोल्हापूर परिसरातील संदर्भ

कोल्हापूर, सांगली, सातारा या भागात मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीला सरसकट 'डॉल्बी' म्हणतात. मूळ शब्द एका ध्वनितंत्रज्ञान कंपनीचे नाव आहे. अशी यंत्रणा वाहनावरील जनित्रावर चालते. १० किलोवॅटच्या भाराला २३० व्होल्टवर ४० अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो, म्हणून तेथे जाड केबल अपरिहार्य असते, नाहीतर तार तापते. त्या केबलकडे पाहून दिवाणखान्यातील सबवूफरविषयी अनुमान काढणे चुकीचे ठरते.

जुन्या घरांत लाकडी पट्टीवरील किंवा ॲल्युमिनिअमच्या तारा आढळल्यास खर्च तेथे करणे सयुक्तिक ठरते. खर्जाच्या ठोक्यागणिक दिवे मंदावत असतील, तर सैल जोड किंवा अपुरी तार हे संभाव्य कारण असते. पावसाळ्यात ओल शिरल्याने जोड गंजतात. उलट उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून भूसंपर्कन दुर्बल होते. दोन्हींची तपासणी परवानाधारक वीजतंत्रीकडून करून घेतात आणि ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवतात.