भरल्या ताटावरून

घरातले भांडण किती विकोपाला गेले हे मोजायला आपल्याकडे एक जुने माप आहे: माणूस भरल्या ताटावरून उठला का? तो काय बोलला ते चार दिवसांत विसरले जाते, उठला हे मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ऐतिहासिक कथानकातले जेवण कुठून कसे आले याचा माग काढायचा, तर सुरुवात या वाक्प्रचारापासूनच करावी लागते.

युरोपातल्या ऐतिहासिक कादंबरीकाराला लांबलचक टेबल आयते मिळते. घरातली माणसे समोरासमोर बसतात, नजरेला नजर भिडते, एकाच्या प्रश्नावर दुसऱ्याचा घास थांबतो. आपल्याकडे फारसीतून आलेल्या ‘मेजवानी’ शब्दात मेज उघड दिसते, पण पंगतीत मात्र पाटच मांडले गेले. पाटावरचा माणूस शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून बसतो. त्याला शेजाऱ्याचा चेहरा कमी आणि पान जास्त दिसते. त्यामुळे पंगतीचे नाट्य वेगळ्या जागी असते: पाट कुणाला मिळाला, कुठे मिळाला, तुपाची धार कुणाच्या पानावर लांबली, आणि मधेच कोण उठले. जुन्या आचारात एकाने उत्तरापोशन (जेवणाअखेरचे आचमन) घेतले की सगळी पंगतच संपत असे. एकाचे उठणे सगळ्यांचे जेवण मोडत होते. ‘पंक्तिप्रपंच’ हा शब्द या जमिनीतूनच उगवला.

या नाट्याची सर्वांत प्रभावी कथा पैठणची. श्राद्धाचा स्वयंपाक झालेला, त्याचा वास रस्त्यावरून जाणाऱ्या महार कुटुंबापर्यंत पोचला आणि एकनाथांनी ब्राह्मणांच्या आधी त्यांना जेवू घातले. मग ब्राह्मण पानांवर बसेनात. तेव्हा नाथांचे पितरच जेवायला उतरले, असे कथा सांगते. महिपतींच्या संतचरित्रांनी 18व्या शतकात नाथांच्या अशा कथा घरोघर पोचवल्या. चमत्कार बाजूला ठेवला तरी प्रसंगाची बांधणी पाहण्यासारखी आहे. इथे वाद घालायला कुणी समोरासमोर येत नाही. रिकामे पाट हेच ब्राह्मणांचे उत्तर असते.

पंगतीच्या आचाराबाहेरचा माणूस गडावर आला की दृश्य थोडे हलके होते. 1674 मध्ये शिवराज्याभिषेकासाठी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर गेला. तिथे बहुतेकांचे खाणे खिचडी, आणि इंग्रजांना रोज मांस हवे. आपल्याकडून एवढे मांस नेणारी माणसे आहेत तरी कशी, हे पाहायला म्हातारा खाटीक स्वतः गड चढून आला, अशी नोंद इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायरने केली आहे. सात वर्षांनी, 1681 मध्ये, त्याच स्वराज्यातल्या दुसऱ्या एका ताटाची बातमी मुंबईच्या इंग्रजांनी पत्रात लिहिली. संभाजीराजांना माशांच्या पदार्थातून विष घालायचा कट होता. एका लहान मुलाने सावध केले, मग तो पदार्थ एका नोकराला आणि एका कुत्र्याला घातला गेला, आणि दोघेही मेले.

एकोणिसाव्या शतकात पाटाची जागा कपाने घेतली, पण वाद तोच राहिला. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा आला. त्यांत रानडे होते, टिळकही होते. गोपाळराव जोशींनी नावे छापून आणवली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. चहा प्यायलो नाही, नुसता कप हातात घेतला, असाही बचाव काहींनी केला. ताटावरून उठण्याचे हे नवे रूप होते: बसायचे, पण जेवलो नाही म्हणायचे. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढायला लावले आणि स्वतः तिथला चहा घेतला. तिथे नाट्य कप नाकारण्यात नव्हते, सर्वांदेखत तो ओठाला लावण्यात होते.

रंगभूमीला मात्र पंगत अवघड गेली. पाटावर बसलेला नट मागच्या रांगांना दिसत नाही, आणि वाढणारा वाकला की प्रेक्षकांकडे त्याची पाठ होते. 1933 मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने वास्तववादी दिवाणखाना रंगमंचावर आणला आणि सामाजिक नाटकातल्या माणसांना बसायला खुर्ची मिळाली. ऐतिहासिक नाटकाला ही सोय नव्हती. रायगडावर डायनिंग टेबल कसे मांडणार? वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (1962) या नाटकाने बाप-लेकाचे घरगुती दुःख मंचावर आणले. असले कौटुंबिक पेच ऐतिहासिक नाटकात बहुतेक उभ्यानेच सुटतात किंवा चिघळतात. कॅमेऱ्याला मात्र खाली वाकता आले. नाथांची गोष्ट ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’मध्ये (1935) बालगंधर्वांसह पडद्यावर आली. चित्रपटाचे आधीचे नाव ‘महात्मा’ होते, सेन्सॉरच्या आक्षेपानंतर ते बदलावे लागले. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वीची पंगत अजून निवलेली नव्हती.

या सगळ्यांत पाटाच्या उंचीवर थांबून निवांत लिहिण्याची मुभा खरी कादंबरीकारालाच आहे. पण तो बहुधा चांदीची ताटे, महिरपी आणि पक्वान्नांची यादी देण्यात गुंततो. पंगतीतले सर्वांत जास्त पाहिलेले असते ते न बसलेल्या माणसाने: वाढणाऱ्या बाईने, दाराआड उभ्या असलेल्या सुनेने, उष्टी काढणाऱ्या हाताने. 1681 च्या त्या पत्रात मुलगा सावध करतो, म्हणून राजे वाचतात. ज्याच्या हातात राजांसमोरचा घास दिला गेला, त्या नोकराला काय सांगितले होते? त्याने तो घास पाटावर बसून खाल्ला, की उभ्यानेच? बाकी पात्रांवर कादंबऱ्या झाल्या, नाटके झाली. भरल्या ताटावरून उठायची सोय ज्याला नव्हती, तो हा एकटा अजून जेवतोच आहे.