राजाला खेळायला कोण बोलवायचं?

गेल्या दिवाळीत पुतणीचा सहा वर्षांचा मुलगा आमच्याकडे बिदरला आला होता. त्याला अष्टूरच्या बहामनी कबरी दाखवायला नेलं. हुमायून सुलतानाचा घुमट वीज पडून फाटलेला. तिथंच त्याच्या मुलाची, निजाम शाहाची कबर. मी म्हटलं, "बघ, हा राजा झाला तेव्हा तुझ्याहून दोनच वर्षांनी मोठा होता."

पोरगं थबकलं. "लहान होता? मग त्याला खेळायला कोण बोलवायचं, आज्जी?"

बी.ए.ला माझा इतिहास होता, पण हा प्रश्न कुठल्याच पेपरात आला नव्हता. मला ठाऊक होतं ते एवढंच. निजाम शाह 1461 मध्ये आठव्या वर्षी गादीवर बसला. कारभार त्याची आई मखदूमा-ए-जहान, ख्वाजा जहान आणि महमूद गवान बघायचे. माळव्याच्या सुलतानानं चाल केली, तेव्हा या लेकराला रणांगणावर नेलं. हार झाली, आणि आईनं त्याला घेऊन भीमेकाठचं फिरोजाबाद गाठलं. 1463 मध्ये त्याचं लग्न लावलं आणि लग्नाच्याच रात्री तो वारला, असं फिरिश्ता लिहितो. आई काय म्हणाली, वजीर काय म्हणाले, ते इतिहासात सापडतं. मुलाचा शब्द नाही.

कलबुर्गीकडच्या मळखेडचं नाव आपण जैन बायका अभिमानानं घेतो. जिनसेनाचार्यांचा शिष्य अमोघवर्ष 814 मध्ये गादीवर आला तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा होता. बंडं झाली, आणि त्याचा भाऊबंद कर्क याच्या मदतीनं त्याची गादी सावरली. पुढचा विद्याप्रेमी, वैराग्याकडे वळलेला राजा आपल्याला पाठ आहे. घाबरलेला चौदा वर्षांचा पोर कुणाला आठवतो?

राजवाड्यातलं राहू द्या. माझ्या आज्जीचं लग्न भालकी तालुक्यात नवव्या वर्षी झालं. ब्रिटिश मुलखात 1929 चा शारदा कायदा झाला होता. मुलीला चौदा वर्षं पुरी हवीत, असा. आमच्याकडे राज्य निजामाचं, तो कायदा इथं लागू नव्हता. एकदा मी तिला विचारलं, "आज्जी, तुझं लहानपण कसं होतं गं?" ती म्हणाली, "लहानपण म्हंजे आईनं हाक मारली की ओ देता येणं. सासरी गेले आणि ती हाक सरली." मी ते हसण्यावारी नेलं होतं.

अष्टूरहून आल्यावर अंगणात खेळणाऱ्या पोरांना विचारत सुटले : लहान म्हणजे काय रे? एकानं सांगितलं, "रागावलं तरी परत जवळ घेतात, तो लहान." कडेवर भाऊ घेतलेली पाच वर्षांची पोर म्हणाली, "मी लहान नाही. बाळ लहान आहे." वय कुणीच सांगितलं नाही. आपण मोठी माणसं वर्षं मोजतो, ती माणसं मोजतात.

मुलाशी संबंधित निर्णयात त्याचं म्हणणं ऐकावं, असं 1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात लिहिलंय. भारतानं 1992 मध्ये तो मान्य केला. मैत्रिणींनो, कागदावर मीही मान्य केला असता. पण पुतणीच्या मुलाला जूनपासून निवासी शाळेत घालायचं ठरलं होतं, आणि तो सल्ला माझाच. "इंग्रजी चांगलं होईल, शिस्त लागेल," मीच म्हटलं होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

त्या रात्री त्यालाही विचारलं. पांघरुणातून तो म्हणाला, "रात्री भ्या वाटलं की आईकडं जाता येतं ना, तो लहान."

सकाळी मी पुतणीजवळ बसले. सल्ला मागं घ्यायला लाज वाटली, पण घेतला. निर्णय अजून झालेला नाही, आणि शेवटी तो मोठ्यांनाच घ्यायचाय. पण या वेळी बोलणं चाललं तेव्हा तो आईच्या मांडीवर होता, आणि आम्ही आधी त्याला बोलू दिलं.