अक्षराचे रूप आणि अक्षराचे नाव

बारामती हे मोरोपंतांचे गाव. १७२९ साली पन्हाळ्यास जन्मलेले हे कवी बारामतीकर नाइकांच्या आश्रयास राहिले आणि १७९४ साली येथेच त्यांचा देह पडला. अक्षरांशी खेळण्याचा पंतांना विलक्षण छंद. त्यांच्या अनेक रामायणांपैकी एक ‘निरोष्ठ’ आहे. ते म्हणताना ओठांस ओठ लागावयाचा नाही, म्हणजे प, फ, ब, भ, म ही अक्षरे त्यात यावयाची नाहीत. दुसऱ्या एका रामायणात त्यांनी रामनामाच्या त्रयोदशाक्षरी मंत्राची अक्षरे गुंफली. ज्या गावाने अक्षराचा एवढा लळा पाहिला, त्या गावात संगणकातील फॉन्टांविषयी बोलणे अप्रस्तुत ठरू नये.

फॉन्ट म्हणजे एका वळणाच्या सर्व अक्षरांचा संच. हा शब्द छापखान्यातून संगणकात आला. विषय वरवर यांत्रिक आहे. फाइल कोठे ठेवावी आणि कोणते बटण दाबावे, एवढ्यापुरता वाटतो. परंतु त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत संगणकावर जे मराठी लिहिले गेले, ते आपल्या नातवंडांस वाचता येईल काय? याचे उत्तर शोधावयाचे तर थोडे मागे, थेट सतराव्या शतकात जावे लागते.

१६१६ साली गोव्यात, रायतूर येथे, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवी. पण लिपी मात्र रोमन. स्टीफन्स यांस देशी अक्षरांचे महत्त्व ठाऊक नव्हते असे नाही. आमच्या लिपीचे खिळे पाडावेत अशी त्यांची इच्छा होती. अडचण होती ती संख्येची. रोमन लिपीचा कारभार थोड्या खिळ्यांत आटोपतो. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि शेकडो जोडाक्षरे यांची सोय करावी लागते. तेव्हा मराठी ग्रंथाने परक्या लिपीचा अंगरखा घातला. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिची उलट आवृत्ती आपल्याला भेटणार आहे.

देवनागरी खिळ्यांनी मराठी छापण्याचे काम पुढे बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी केले. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ चे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापले ते शिळेवर. १८५४ साली परशुरामपंत गोडबोले यांचे ‘नवनीत’ निघाले आणि मोरोपंतांची कविता शाळेतल्या मुलांच्या हाती गेली. जावजी दादाजींनी १८६४ साली टाइप ओतण्याचा कारखाना काढला, १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभा केला आणि राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराच्या हातून देवनागरीस असे वळण दिले की निर्णयसागराचा टाइप हाच पुष्कळांस शुद्धतेचा नमुना वाटू लागला. पुढे लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा उद्योग केला, तोही याच जुन्या अडचणीपायी.

छापखान्याच्या या शतकभराच्या इतिहासात एक गोष्ट इतकी उघड होती की ती कोणी बोलून दाखविली नाही. खिळे छापणाराजवळ असत, वाचणाराजवळ नसत. जुळाऱ्याने कोणत्या घरातून कोणता खिळा उचलला याच्याशी वाचकास कर्तव्य नव्हते. शाई कागदावर उमटली की खिळ्यांचे काम संपले. निर्णयसागराचे खिळे उद्या वितळले, तरी घरातली पोथी वाचता येणारच.

संगणकाने हा व्यवहारच फिरविला. संगणकातील लेखात अक्षरांची चित्रे साठविलेली नसतात. असतात केवळ आकडे. ते आकडे पाहून त्या जागेची आकृती पडद्यावर काढावयाची, हे काम फॉन्टाचे. आणि तो फॉन्ट लिहिणाराच्या यंत्रावर असून भागत नाही. वाचणाराच्या यंत्रावरही तो लागतो. पत्राबरोबर खिळ्यांची पेटीही धाडावी, तसा हा प्रकार झाला. ‘फॉन्ट बसविणे’ या शब्दांचा खरा अर्थ एवढाच, की वाचणाराने आपल्या घरी खिळ्यांची पेटी आणून ठेवणे.

आता १९८० नंतरचा काळ पाहा. एका अक्षरास आठ द्विमान अंक, म्हणजे फार तर २५६ जागा, अशी तेव्हाच्या संगणकांची रीत होती आणि त्यांतील पुष्कळ जागा रोमन अक्षरांनी आधीच व्यापलेल्या होत्या. भारतीय लिपींसाठी एक समान संकेत असावा म्हणून ‘इस्की’ ही पद्धती तयार झाली. १९९१ साली ती भारतीय मानक १३१९४ म्हणून जाहीर झाली. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने या कामात मोठा वाटा उचलला. परंतु पाने जुळविण्याच्या परदेशी प्रणालींस जोडाक्षरे जोडता येत नव्हती. मग फॉन्ट करणारांनी युक्ती काढली. रोमन अक्षरांच्याच जागांवर देवनागरीचे तुकडे बसविले: कोठे अर्धा क, कोठे काना, कोठे रफार. यंत्रास वाटे की आपण इंग्रजी अक्षरे लिहीत आहोत. पाहणारास दिसे मराठी. ‘श्रीलिपी’, ‘आकृती’, सी-डॅकचे ‘आयएसएम’ अशा प्रणालींच्या बळावर महाराष्ट्रातील छापखाने, वृत्तपत्रे आणि कचेऱ्या मराठीत काम करू लागल्या. हे ऋण मोठे आहे. त्यास नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि प्रत्येकाच्या पेटीतील घरांची मांडणी निराळी होती. एकाच्या पेटीत ज्या घरात ‘क’, त्याच घरात दुसऱ्याच्या पेटीत आणखी काही.

याचा परिणाम काय झाला तो निरोष्ठ रामायणावरूनच पाहू. समजा, कोणी ते काव्य १९९५ साली अशा फॉन्टात टंकून ठेवले. आज संगणकास विचारावे, ‘बाबा रे, यात कोठे प किंवा म आला आहे काय?’ तर त्यास उत्तर देता येणार नाही. त्याच्या लेखी तेथे ‘प’ नाहीच. आहेत ती रोमन चिन्हे. आणि तो विशिष्ट फॉन्ट यंत्रावर नसेल, तर पडद्यावर दिसेल तो रोमन अक्षरांचा निरर्थक कचरा. स्टीफन्स यांच्या पुराणाचा अंगरखा परका होता, पण आतला प्राण मराठी होता. येथे अंगरखा मराठी, आणि पोटात मात्र परकी चिन्हे.

या कोड्याची उकल युनिकोडने केली. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच पायावर झाली. त्यात प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक मिळाला. ‘क’चा क्रमांक २३२५. फॉन्ट कोणताही असो, यंत्र कोणतेही असो, २३२५ म्हणजे ‘क’च. अक्षराचे नाव आणि अक्षराचे रूप यांची फारकत झाली: नाव लेखात, रूप फॉन्टात. जोडाक्षर कसे काढावयाचे याचे नियमही फॉन्टातच लिहिले जाऊ लागले. २००० साली आलेल्या विंडोज प्रणालीबरोबर ‘मंगल’ हा फॉन्ट घरोघर पोहोचला. तो घडविणारे सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे आपल्याच मातीतले. विंडोज एक्सपीवर भारतीय लिपींची सोय मुद्दाम चालू करावी लागे. २००७ पासूनच्या विंडोजमध्ये ती मुळातच चालू असते.

मग आता फॉन्ट बसविण्याचे कारण काय? कारण रूपाचेही महत्त्व आहेच. ‘मंगल’मधील ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी प्रमाण वर्णमाला ठरवून दिली आणि ल, श यांची मराठी वळणे सांगितली. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ किंवा मुंबईच्या आयआयटीतून निघालेला ‘शोभिका’ हे देवनागरी फॉन्ट विनामूल्य आणि खुल्या परवान्याने मिळतात. बसविण्याची कृती सोपी आहे. उतरवून घेतलेला गठ्ठा सोडावा, आतील फॉन्टाच्या फाइलीवर उजवे बटण दाबून ‘इन्स्टॉल’ म्हणावे, आणि लिहिण्याची प्रणाली बंद करून पुन्हा उघडावी. सांभाळण्यास मात्र शिस्त लागते. एकाच नावाच्या दोन आवृत्त्या ठेवू नयेत. परवाना वाचल्याशिवाय दुसऱ्यास देऊ नये. बाहेर धाडावयाचा मजकूर पीडीएफ करून, त्यात फॉन्ट अंतर्भूत करून धाडावा, म्हणजे समोरच्यास खिळ्यांची पेटी लागत नाही. लेख युनिकोडातला असेल तर फॉन्ट हरवल्याने फार तर वळण बदलेल. मजकूर हरवणार नाही.

जुन्या फॉन्टांतील मजकुराचे काय, हा प्रश्न उरतो. सहकारी संस्थांचे अहवाल, स्मरणिका, गावांचे इतिहास, प्राध्यापकांची टिपणे असे किती तरी लेखन त्या संकेतांत अडकले असेल. ते युनिकोडात उतरविणाऱ्या प्रणाली आहेत. पण त्यांवर आंधळा विश्वास नको. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर साठविलेला असे. रूपांतरात हीच दोन ठिकाणे दगा देतात. म्हणून मूळ छापील प्रत शेजारी ठेवून मुद्रिते तपासावीत तसा हा मजकूर तपासावा लागतो. आणि तोपर्यंत त्या जुन्या फॉन्टांच्या फाइली फेकू नयेत. नवा संगणक घेताना मजकूर उचलला आणि फॉन्ट मागे राहिला, तर कुलूप आले आणि किल्ली राहिली, अशी गत होते.

मोडीचा दाखला आपल्यासमोर आहे. एके काळी हिशेब, पत्रे, करीने सर्व मोडीत चालत. विसाव्या शतकाच्या मध्यास ती शाळांतून गेली, आणि आज पुण्याच्या पुराभिलेखागारातील रुमाल वाचणारे शोधावे लागतात. तरीही मोडीचा कागद मुका नाही. अक्षर कागदावर आहे, ते शिकणारास शिकता येते. २०१४ साली तर मोडीस युनिकोडात स्वतःची जागाही मिळाली. म्हणजे पेशवाईतील कारकुनाचे हस्ताक्षर आज नावानिशी संगणकात उतरविता येते, आणि १९९५ सालचा आपलाच अहवाल मात्र आपल्याच यंत्रावर उघडत नाही, ही लाजिरवाणी अवस्था संभवते.

ती टाळण्यास पैसा फारसा लागत नाही. लागतात ते वेळ, चिकाटी आणि जुना फॉन्ट ज्यांनी वापरला ती माणसे. प्रत्येक वाचनालयाने आणि प्रत्येक शाळेने आपल्या जुन्या तबकड्या व संगणक एकदा उघडून पाहावेत, आणि ते टंकणारी माणसे हयात आहेत तोवरच हे काम उरकावे.