ना बॅटरी, ना सेन्सर! नळीत अडकलेली हवा कशी सांगते पाण्याची खोली?

स्कूबा डायव्हिंग करणाऱ्याला आपण किती खोल आहोत, हे सतत माहीत असावं लागतं. जितकं खोल जाल आणि जितका वेळ थांबाल, तितका जास्त नायट्रोजन शरीरात मुरतो. घाईने वर आलं, तर त्याचे बुडबुडे होतात. सांधेदुखीपासून अर्धांगवायूपर्यंत काहीही होऊ शकतं. यालाच ‘बेंड्स’ म्हणतात.

आज मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर खोली दाखवतो. पण एक साधी पारदर्शक नळीही हे काम करते. तिचं नाव कॅपिलरी डेप्थ गेज.

ही नळी काम कशी करते?

नळीचं एक तोंड बंद, दुसरं उघडं, आत हवा. खाली जावं तसा पाण्याचा दाब वाढतो, हवा आक्रसते आणि उघड्या तोंडातून पाणी आत शिरतं. पाणी जिथवर पोहोचलं, तिथला आकडा म्हणजे खोली.

यामागे आहे रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये मांडलेला नियम: तापमान तेच असेल, तर दाब दुप्पट झाल्यावर हवेचं आकारमान निम्मं होतं. समुद्रसपाटीवर हवेचा दाब साधारण १ बार असतो आणि समुद्रात दर १० मीटरला जवळपास तेवढीच भर पडते.

समजा, नळीत १२ सेंटिमीटर हवा आहे. १० मीटरवर ती ६ सेंटिमीटर उरते, २० मीटरवर ४, ३० मीटरवर ३ आणि ४० मीटरवर फक्त २.४. म्हणजे पहिल्या १० मीटरसाठी पट्टीवर ६ सेंटिमीटर जागा मिळते, पण ३० ते ४० साठी जेमतेम ६ मिलिमीटर! म्हणूनच उथळ पाण्यात ही नळी अचूक असते, खोलवर मात्र आकडे दाटीवाटीने येतात आणि वाचताना चूक होऊ शकते.

जहाजांनीही वापरलं हेच तत्त्व

१८७० च्या दशकात विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी जहाजांसाठी अशीच काचेची नळी वापरली. तिला आतून सिल्व्हर क्रोमेटचा लाल थर असायचा. खारं पाणी लागेल तिथवर रंग उडायचा. नळी वर काढली, की ती किती खोल गेली होती ते कळायचं. चालत्या जहाजामागे तार तिरकी झाली, तरी फरक पडायचा नाही.

डोंगरातल्या तलावात मात्र गंमत होते

अमेरिकेतला लेक टाहो सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब साधारण ०.८ बार. त्यामुळे नळीतली हवा ८ मीटरच्या आसपासच निम्मी होते आणि गेज दाखवतं १० मीटर!

मग हे गेज चुकलं का? मीटरच्या हिशेबात हो. पण वर आल्यावर तिथला कमी दाब शरीरालाही सोसावा लागतो. बेंड्स टाळण्यासाठीची डायव्हिंगची नेहमीची कोष्टकं समुद्रसपाटीसाठी बनवलेली असतात. अशा तलावात त्या कोष्टकांत खरी खोली नाही, तर वाढवून धरलेली खोलीच बघावी लागते आणि ही नळी नेमकी तीच दाखवते. कारण ती मीटर मोजतच नाही. पृष्ठभागाच्या तुलनेत दाब किती पट झाला, एवढंच ती सांगते.